सव्वादोन वर्षांच्या मुलीला पहिल्यांदाच थीम पार्कला नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी दोन वर्षं चार महिन्यांची, दादा सात वर्षांचा, सोबत आजी येणार. पार्कची पहिलीच वेळ. एवढ्या लहान मुलीला न्यावं का, नेलं तर कशात बसवावं, आणि तिच्यापायी दादाचा दिवस फुकट जाऊ नये म्हणून काय करावं?

मी परिचारिका आहे. माझी बरीचशी नोकरी एका मोठ्या पार्कच्या प्रथमोपचार कक्षात झाली. चुकलेली मुलंही आमच्याच खोलीत आणून बसवायचे. मोठ्या अपघातांची भीती सगळ्यांना असते, पण आमच्याकडे येणारी लहान मुलं बहुतेक वेळा ऊन, भूक, अपुरी झोप आणि मोठ्यांची घाई यांमुळे आलेली असायची. म्हणून माझं उत्तर असं: जरूर न्या, पण दिवस तिच्या शरीराला जमेल तेवढाच आखा. तिकीट दिवसभराचं असलं म्हणून दिवसभर थांबलंच पाहिजे असं नाही.

‘तिला मोठेपणी काही आठवणार नाही, मग एवढ्या लवकर कशाला’ असं घरचे म्हणतात, त्यात निम्मं खरं आहे. बहुतेकांच्या आठवणी तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासपासून सुरू होतात, त्याआधीचं सहसा टिकत नाही. पण या वयातलं मूल चार-सहा महिन्यांपूर्वी पाहिलेला घोडासुद्धा लक्षात ठेवतं, त्याबद्दल बोलतं, खेळात तो आणतं. तिला जे मिळायचं ते आत्ताच मिळणार आहे. म्हणूनच ‘सगळं दाखवून आणू’ हा विचार सोडून द्या. तिला सगळं नकोच असतं. एकच गोष्ट पाच वेळा मिळाली की ती खूश असते, आणि पाचव्या वेळी तिचा चेहरा पहिल्या वेळेपेक्षा जास्त फुललेला दिसतो, कारण आता पुढे काय होणार ते तिला ठाऊक असतं.

दिवसाची आखणी झोपेपासून सुरू करा. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन वर्षं पूर्ण झाल्यावर १० ते १३ तास, आणि तुमच्या मुलीच्या वयाला त्यातली तास-दीड तास दुपारी लागतेच. ती घरी एक वाजता झोपत असेल, तर पार्कमध्येही साडेबारापासून तिचा दिवस संपत आलेला असतो, मग समोर कितीही रंगीत दिवे असोत. दार उघडायच्या वेळी तिथे पोहोचा. पहिल्या दोन तासांत रांगा छोट्या असतात, ऊन कमी असतं आणि ती ताजीतवानी असते. या तीन गोष्टी एकत्र पुन्हा दिवसभरात जुळून येत नाहीत. जवळ राहायची सोय असेल तर दुपारी बाहेर पडून तिला नीट झोपवा आणि ऊन उतरल्यावर परत या. बहुतेक पार्क त्याच दिवशी पुन्हा आत सोडतात, बाहेर पडण्यापूर्वी दारावर विचारून घ्या. तशी सोय नसेल तर बाबागाडीत, स्पीकरपासून लांब, सावलीच्या कोपऱ्यात झोपवा. या वेळेत ‘फक्त एवढी एक राइड’ करू नका. दुपारची झोप चुकलेल्या मुलीला तीन वाजता कशानेच समजावता येत नाही. हट्ट म्हणून तिला रागावण्यातही अर्थ नसतो, तिच्या अंगात त्राणच उरलेलं नसतं.

आता राइड. निघण्यापूर्वी घरी तिला अनवाणी भिंतीला टेकवून उंची मोजा. या वयाच्या मुलीची उंची साधारण ८८-८९ सेंमी असते. पार्कमधल्या किमान उंचीच्या मर्यादा बऱ्याचदा ९०, १०२, १०७ आणि १२२ सेंमी अशा टप्प्यांवर असतात. सरासरी मुलगी १०२ सेंमीला पोहोचते ती चार वर्षांची होता होता. म्हणजे मर्यादा लिहिलेलं जवळजवळ काहीच तिच्यासाठी नाही, आणि त्यात वाईट वाटण्यासारखंही काही नाही. जाड तळव्यांचे बूट घालून, केस वर बांधून दोन सेंमी मिळवणारे आईबाप मी खूप पाहिले आहेत. ही मर्यादा कुणाच्या मर्जीने ठरत नाही. सुरक्षा दांडा मांडीवर कुठे टेकतो, पाठ आणि डोकं आसनाला कुठे लागतं, यावर ती ठरलेली असते. दोघांत मिळून एकच दांडा असेल तर तो मोठ्या माणसाच्या मांडीवर अडतो आणि शेजारच्या लहान मुलीच्या मांडीवर चांगलीच पोकळी राहते. ती तिथून पुढे सरकू शकते, उभीही राहू शकते. ‘मी धरून बसते ना’ हे अशा वेळी पुरत नाही, कारण वळणावर गाडी ज्या जोराने फेकते तो जोर हाताच्या पकडीपेक्षा मोठा असतो.

उंचीची अट नसलेल्या राइडलाही एक प्रश्न स्वतःला विचारा: ‘बसून राहा’ म्हटलं तर ती दोन मिनिटं बसून राहते का? घरी जेवणाच्या खुर्चीत राहत नसेल तर तिथेही राहणार नाही. तिला एकटीला बसवायच्या छोट्या गाड्या-विमानांपेक्षा तुम्ही शेजारी बसू शकाल अशा गोष्टी निवडा. जोरात गोल फिरणाऱ्या राइडमध्ये मोठं माणूस बाहेरच्या बाजूला आणि मूल आतल्या बाजूला बसतं, नाहीतर फिरताना मोठ्याचं सगळं वजन मुलावर येतं. मेरी-गो-राउंड सुरुवातीला उत्तम. पण आधी बाहेर उभं राहून एक अख्खी फेरी तिला पाहू द्या: माणसं चढली, फिरली, थांबली, उतरली. सगळं थांबतं आणि माणसं परत येतात हे डोळ्यांनी दिसलं की तिची अर्धी भीती जाते. नंतर घोड्यावर बसवा, पट्टा लावा आणि तुम्ही शेजारी उभे राहून कमरेला धरा. खाली राहून फोटो काढायचा मोह आवरा. तुम्ही खाली असलात की प्रत्येक फेरीत तुम्ही तिच्या नजरेआड जाता, आणि ती घोड्यावरून मान वळवून तुम्हाला शोधत राहते.

या वयात आणखी एक गोष्ट सुरू होते. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना गोल फिरून किंवा प्रवासात मळमळ क्वचितच होते, त्यानंतर मात्र होऊ लागते. तिला ‘मळमळतंय’ सांगता येणार नाही. ती गप्प होईल, रंग उतरेल, जांभया देईल, तोंडाला लाळ सुटेल. गप्प बसलेलं मूल मजेत आहे असं समजून लोक आणखी एक फेरी देतात आणि मग उलटी होते. खाणं झाल्यावर अर्धा-पाऊण तास फिरणारं काही नको.

घसरगुंडीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हे पालकांना कुणीच सांगत नाही. लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येणं सुरक्षित वाटतं, पण प्रत्यक्षात पाय मोडण्याचं ते नेहमीचं कारण आहे. होतं असं: मुलीच्या बुटाचा रबरी तळवा घसरगुंडीच्या कडेला किंवा पृष्ठभागाला अडकतो. ती एकटी असती तर तिथेच थांबली असती, तिचं वजन ते केवढं! पण मागे मोठ्या माणसाचं साठ-सत्तर किलो वजन असतं आणि ते थांबत नाही. पाय अडकलेला, अंग पुढे ढकललं जातंय, आणि नडगीचं हाड पिळवटून तडकतं. आमच्याकडे अशी मुलं आली की आई म्हणायची, ‘पडली नाही हो, माझ्या मांडीवरच होती, पण आता पाय टेकेना.’ सूज जवळजवळ नसते. मूल बसलेलं असतं तेव्हा शांत असतं, उभं केलं की पाय वर घेतं. तेव्हा घसरगुंडी लहान असेल तर तिला एकटीला सोडा आणि खाली तुम्ही थांबा. ती एकटी जाऊ शकत नाही एवढी मोठी असेल, तर ती घसरगुंडी तिच्यासाठी नाही.

पार्कमध्ये लहान मुलं घाबरतात ती तीन गोष्टींना: मॅस्कॉट (प्राण्याचा किंवा कार्टूनचा मोठा पोशाख घालून फिरणारा माणूस), अंधार आणि आवाज. मॅस्कॉट म्हणजे आत माणूस आहे हे आपल्याला कळतं, तिला नाही. तिच्यासाठी ते भल्यामोठ्या डोक्याचं, पापणी न हलवणारं काहीतरी आहे आणि ते तिच्याकडे चालत येतंय. तिच्या डोळ्यांची उंची जमिनीपासून जेमतेम पाऊण मीटर. एकदा तिथे उकिडवं बसून वर बघा, म्हणजे कळेल. दहा-पंधरा पावलं दूर थांबा, तिला कडेवर घ्या, लांबून हात हलवू द्या. मॅस्कॉट म्हणून काम करणाऱ्या मुलामुलींना हे शिकवलेलं असतं, तेही लांबूनच हात हलवतात, गुडघ्यावर बसतात. ती स्वतःहून पुढे गेली तर जा. रडणाऱ्या मुलीला मॅस्कॉटच्या हातात देऊन फोटो काढणं मला अजिबात मान्य नाही. त्या क्षणी ती आधारासाठी तुमच्याकडे धावत असते आणि तुम्ही तिला दूर ढकलत असता. त्यानंतर दिवसभर ती कडेवरून खाली उतरत नाही.

अंधाऱ्या राइडमध्ये भडक उन्हातून आत शिरल्यावर डोळ्यांना जुळवून घ्यायला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्यात राइड अर्धी संपते. आत काय आहे ते आधी पाहून घ्या: दादा आणि एक मोठं माणूस पुढे जाऊन येऊ दे. अचानक उडी मारणारं, किंचाळणारं काही असेल तर तिला नेऊ नका. ‘खोटं आहे गं ते’ या वाक्याचा या वयात उपयोग नाही, खरं-खोटं ही वाटणी अजून तिच्या डोक्यात झालेली नाही. तरीही मध्येच घाबरली तर तिचं तोंड तुमच्या खांद्यात घ्या, कानाशी ओळखीचं गाणं हळू म्हणा. डोळे बंद करायला सांगू नका.

आवाजासाठी लहान मुलांचे इअरमफ (कान बाहेरून झाकणारे) घ्या. कानात घालायचे बोळे नकोत, ते निघून तोंडात जातात. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल ही आठ तासांची मर्यादा मानतात आणि दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. हे आकडे मोठ्या माणसांसाठी आहेत, तिच्यासाठी त्याहून कमीच धरा. मिरवणुकीच्या स्पीकरजवळ आणि आतषबाजीच्या वेळी आवाज सहज या पातळीला जातो. इअरमफ आठवडाभर आधी घरी खेळात घालून सवय करा, नाहीतर तिथे ती दोन मिनिटांत काढून फेकेल. रात्रीची आतषबाजी तर मी पहिल्या वेळी सोडूनच देईन.

उन्हाचं मात्र मनावर घ्या. लहान मुलाच्या अंगाला वजनाच्या मानाने त्वचा जास्त असते, म्हणून बाहेरची उष्णता ते लवकर ओढून घेतं, आणि घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो. त्यात ते खेळात रमलं की तहान सांगत नाही. दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी तुम्ही पुढे करायचं, तिने मागायची वाट पाहायची नाही. डायपर बघत राहा: पाच-सहा तास कोरडा म्हणजे पाणी कमी पडतंय. गाल लाल, अंग तापलेलं आणि मूल मलूल दिसलं तर थेट गार खोलीत किंवा प्रथमोपचार कक्षात या, अंगावरचे कपडे सैल करा, ओल्या फडक्याने पुसा. सनस्क्रीन किमान ३० एसपीएफचं, उन्हात जायच्या पंधरा मिनिटं आधी, आणि दर दोन तासांनी पुन्हा. कानाच्या पाळ्या, मान आणि पायांचे पंजे हमखास राहून जातात.

सगळ्यात जास्त वेळा सांगावी लागलेली गोष्ट म्हणजे बाबागाडीवर चादर टाकू नका. सावली मिळावी म्हणून लोक पातळ ओढणी नाहीतर दुपटं चारी बाजूंनी सोडतात. आत हवा खेळत नाही, बाहेरच्यापेक्षा आत जास्त तापतं, आणि मूल दिसतही नाही. ते झोपलंय की मलूल झालंय हे कळायचं कसं? गाडीचं छत पुढे ओढा, वरून छत्री लावा, पण समोरची बाजू उघडी ठेवा. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत बसवण्यापूर्वी पट्ट्याचं धातूचं बक्कल हात लावून बघा. मांडीवर त्याचा चटका बसलेली मुलं आमच्याकडे येत. पाण्याच्या कारंज्यांभोवतीची रबरी फरशीही अशीच तापते, तिथे अनवाणी सोडू नका.

पाण्यात खेळताना ती तुमच्या हाताच्या अंतरात हवी, पाणी घोट्याएवढं असलं तरी. पोहण्याचा डायपर शी अडवतो असं वाटतं, पण जंतू अडवत नाही, म्हणून पोट बिघडलं असेल तर तिला पाण्यात उतरवू नका. खाण्यापूर्वी हात साबणाने धुवा. सॅनिटायझर सोयीचं असलं तरी जुलाब करणारे काही जंतू त्याने मरत नाहीत. पॉपकॉर्न चार वर्षांपर्यंत नको, अख्खी द्राक्षं आणि शेंगदाणेही नकोत. काहीही खाताना ती बसलेली हवी, पळताना किंवा राइडमध्ये खाणं नाही. रबरी फुगा फुटला तर तुकडे लगेच उचला, ते घशात चिकटतात. फुगा हवाच असेल तर चकचकीत फॉइलचा घ्या.

चुकण्याबद्दल. ज्या घरांत एकच मोठं माणूस सोबत असतं त्यांची मुलं कमी चुकतात, असा माझा अनुभव आहे. जिथे चौघं असतात तिथे प्रत्येकाला वाटतं, ती दुसऱ्याजवळ आहे. आमच्या खोलीत येणारं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असायचं: ‘मला वाटलं ती हिच्याजवळ आहे.’ म्हणून घरात आजच एक रीत ठरवा. मुलगी कुणाच्या ताब्यात ते तोंडाने सांगायचं: ‘आजी, आता ती तुमच्याकडे.’ आणि आजींनी ‘हो, माझ्याकडे’ म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. सकाळी दारातच तिचा पूर्ण उंचीचा एक फोटो काढा, म्हणजे कपडे, बूट, केस सगळं आजचं दिसेल. घाबरलेल्या आईला मुलीच्या फ्रॉकचा रंग आठवत नाही, हे मी वारंवार पाहिलं आहे. फोन नंबर मनगटाच्या पट्टीवर लिहा, नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका. कमरेला किंवा पाठीला लावायचा सुरक्षा पट्टा वापरावासा वाटला तर खुशाल वापरा, लोक काय म्हणतील याचा विचार करू नका.

तरीही दिसेनाशी झाली तर आधी पाण्याकडे धाव घ्या: तळं, कारंजं, जे जवळ असेल ते. दुसऱ्याने त्याच क्षणी जवळच्या कर्मचाऱ्याला गाठायचं. ‘पाच मिनिटं शोधू आणि मग सांगू’ असं नाही. आणि नुसतं नाव पुकारू नका, वर्णन ओरडा: ‘दोन वर्षांची मुलगी, पिवळा फ्रॉक, लाल बूट!’ आजूबाजूच्या माणसांना नावाने काही कळत नाही, पिवळ्या फ्रॉकने कळतं.

आता दादा. त्याचा दिवस वाचवायचा तर पार्कच्या चौकशी खिडकीवर जाऊन ‘रायडर स्वॅप’ आहे का विचारा. अनेक पार्कमध्ये ही सोय असते, काही ठिकाणी तिला ‘पेरेंट स्वॅप’ किंवा ‘बेबी स्वॅप’ म्हणतात. एक पालक दादाबरोबर राइडला जातो, दुसरा बाळाजवळ थांबतो, मग पुन्हा अख्खी रांग न लावता अदलाबदल होते. बऱ्याच ठिकाणी दादाला दुसऱ्या पालकाबरोबर आणखी एकदा जाता येतं, आणि हे त्याला कळलं की धाकटीबद्दलची कुरकुर आपोआप कमी होते. त्याला सकाळीच स्पष्ट सांगा की अमुक दोन राइड तुझ्या, काहीही झालं तरी. आणि त्या खरंच द्या. आजींना मात्र दिवसभर बाळ सांभाळायला धरू नका. त्यांनाही ऊन लागतं, पाय दुखतात, आणि धावत्या दोन वर्षांच्या मुलीमागे त्यांनी पळावं अशी अपेक्षा ठेवणं बरं नाही. दुपारच्या झोपेचा तास त्यांचा. बाबागाडीशेजारी सावलीत बसणं हे काम त्यांना जमतंही आणि आवडतंही.

निघायची वेळ तिच्या रडण्यावर सोडू नका. ती डोळे चोळू लागली, हातातलं टाकू लागली, मघा आवडलेल्या घोड्याला नको म्हणू लागली, की निघा. ‘आता जायचं’ असं एकदम म्हणून उचललं तर रडारड होईल. आधी सांगा: घोड्यावर एकदा, मग घोड्याला टाटा, मग गाडी. तिला मिनिटं कळत नाहीत, क्रम कळतो. दादाला काही राहिलं असेल तर एका पालकाने त्याच्याबरोबर थांबावं आणि बाकीच्यांनी निघावं.

त्या रात्री ती उशिरा झोपेल किंवा झोपेत दचकेल, एक-दोन रात्री हे चालतं. लंगडत असेल, एका पायावर भार देत नसेल, तर सूज नसली तरी डॉक्टरांना दाखवा आणि घसरगुंडीवर मांडीत घेतलं होतं का ते आठवून सांगा. घरी आल्यावर पुन्हा पुन्हा उलट्या, सहा तास लघवी नाही, किंवा उठवूनही नीट जाग येत नाही असं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखान्यात न्या.